चिंचोक्याचा कौल

शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा असली की आदल्या संध्याकाळी परभणीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत पालकांची झुंबड उडते. आइस्क्रीमच्या काड्या हव्या असतात. कुणी खाऊन टाकलेल्या नव्हे, पाकिटातल्या, कोऱ्या करकरीत. सोबत रंगीत फोमचे कागद, चमकी, ग्लू गनच्या कांड्या. म्हणजे आधी टाकाऊ माल रोख पैसे देऊन आणायचा, रात्री आई-बापांनी जागून त्याचं घर नाहीतर बैलगाडी करायची, दुसऱ्या दिवशी तिला बक्षीस मिळायचं आणि आठवड्याभरात ती घंटागाडीत जायची. या प्रकारात मुलाच्या वाट्याला काय येतं, तर गाडी तोल सांभाळून वर्गापर्यंत नेणं.

ढोंग कुठे नसतं, म्हणून ते सोडून देता येईल. पण मुळात घोषणाच चुकीच्या जागी उभी आहे. हाताला लागलेल्या वस्तूची सोंगटी, सैनिक किंवा बैल करणारं मूल काटकसर करत नसतं आणि पर्यावरणही वाचवत नसतं. ते खेळावरचा आपला हक्क सांगत असतं. ज्याने सोंगटी घडवली त्याला नियम बदलायची मुभा असते. ज्याने ती विकत आणली त्याला डब्यातली नियमांची पुस्तिका वाचावी लागते. खेळातली ही सत्ता कुणाकडे राहते हा प्रश्न मला कचऱ्याच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. तो आपण शाळेत, घरात कुठेच विचारत नाही.

फेर्दिनां द सोस्यूर हा स्विस भाषाशास्त्रज्ञ वारल्यानंतर, १९१६ साली त्याची व्याख्यानं पुस्तकरूपाने निघाली. भाषेतला शब्द कसा चालतो हे समजावताना त्याने बुद्धिबळाचा दाखला दिला आहे. डावातला घोडा हरवला तर त्याच्या जागी कुठलीही वस्तू ठेवा. ती घोड्यासारखी दिसली नाही तरी चालेल, दोघा खेळाडूंनी तिला घोडा मानलं की ती घोडा झाली. विद्यापीठांतून या विचारावर पुढे ग्रंथच्या ग्रंथ झाले. आमच्याकडे पारावर वाघ-बकरी खेळणाऱ्यांना मात्र तो कुणी शिकवावा लागला नाही. कोळशाने फरशीवर पट आखायचा, वाघाला जरा मोठा खडा, शेळ्यांना बारके खडे. खडे कमी पडले तर चिंचोके, चिंचोके कमी पडले तर शेंगांची टरफलं. दक्षिणेत तीन वाघ आणि पंधरा शेळ्या, नेपाळात चार वाघ आणि वीस शेळ्या असा हा खेळ चालतो, पण शेळी शेळीसारखी दिसली पाहिजे अशी अट कुठेच नाही. म्हणून तर दगडात कोरलेले जुने पट देवळांच्या ओट्यांवर, लेण्यांत, किल्ल्यांवर सापडतात आणि त्यांच्या सोंगट्या सापडत नाहीत. हस्तिदंती सोंगटी संग्रहालयाच्या काचेआड जाऊन बसते. खडा डाव संपला की पुन्हा खडा होतो.

तरी कुठलीही वस्तू काहीही होऊ शकते, हे काही सगळ्याच खेळांना लागू नाही. लेव विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली बालखेळावर व्याख्यान दिलं. त्यात त्याने नेमकी मेख मारली आहे. मुलाला कुठलीही काठी घोडा म्हणून चालते, पण पोस्टकार्ड चालत नाही. काठी घोड्यासारखी दिसते का? नाही. पण तिच्यावर टांग टाकता येते. पोस्टकार्डावर ती कशी टाकणार? वस्तूने दिसण्यात सोंग घेतलं नाही तरी हालचालीत साथ द्यावी लागते.

सोस्यूर आणि विगोत्स्की दोघांचंही खरं आहे, कारण दोघे वेगवेगळ्या खेळांबद्दल बोलताहेत. एक डावाचा खेळ, दुसरा सोंगाचा. आणि टेबलावर छोट्या मूर्ती मांडून खेळायच्या ज्या युद्धखेळांचं आणि राक्षस-जादूगारांच्या खेळांचं वेड पुण्या-मुंबईच्या तरुणांतही आता दिसू लागलं आहे, त्यांत हे दोन्ही खेळ एकमेकांत मिसळलेले असतात. मूर्तीची चाल पट्टीने मोजायची, फासे टाकायचे, हा झाला डाव. तिच्या तोंडून बोलायचं, ती मेली की हळहळायचं, हे झालं सोंग. म्हणूनच या खेळात मूर्ती कशाची करावी हा प्रश्न रंगतो. निव्वळ खडा ठेवला तर सोंग वठत नाही, आणि बाजारातली हुबेहूब मूर्ती आणली तर करायला फारसं उरत नाही.

या खेळाच्या इतिहासात एक गमतीदार गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. खेळ कधी हाताला लागलेल्या वस्तूंकडून खास बनवलेल्या मालाकडे जातो, कधी उलटा येतो. प्रशियातल्या राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने आपला युद्धखेळ आधी वाळूच्या पटावर मांडून दाखवला होता. राजाने बघायची इच्छा दर्शवली तेव्हा साधी वाळू घेऊन कसं जायचं? म्हणून त्याने १८१२ साली त्यासाठी खास, राजवाड्यात शोभेल असं मेज बनवून दिलं. खेळ तोच, फक्त वाळू गेली आणि राजवाड्याचं लाकूड आलं. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहून हा खेळ घरातल्या जमिनीवर उतरवला. त्याचे शिशाचे शिपाई विकतचे होते, पण घरं, भिंती, डोंगर विटांचे आणि पुठ्ठ्यांचे. (पुस्तकाच्या उपशीर्षकात त्याने मुलांच्या खेळात रमणाऱ्या ‘हुशार’ मुलींनाही जागा दिली आहे. त्या काळात तेवढंही पुष्कळ, असं म्हणायचं आणि पुढे जायचं.)

सगळ्यात बोलका दाखला अमेरिकेतला आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. गायगॅक्सच्या मंडळींना राक्षसांच्या मूर्ती हव्या होत्या आणि त्या तेव्हा दुकानात मिळत नव्हत्या. मिळाली ती स्वस्तातली, पिशवीत भरून विकली जाणारी प्लास्टिकची चित्रविचित्र जनावरं. धड डायनासोर नाहीत, धड कीटक नाहीत. एकाच्या शेपटीला पंख्यासारखं पातं, एक अर्धं अस्वल नि अर्धं घुबड वाटावं असं. ती तशीच मांडून ‘याला ड्रॅगन समजा’ म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी उलट केलं. ही आकृती आहे तर हिचा स्वभाव काय असेल, असं त्यांनी विचारलं. त्यातून लोखंडाला गंज चढवून तो खाणारा प्राणी जन्मला. घुबड-अस्वल जन्मलं. आज जगभर छापल्या जाणाऱ्या नियमपुस्तकांत हे प्राणी मानाने बसले आहेत, आणि त्यांचं मूळ चार पैशांच्या पिशवीत आहे. तिथे वस्तू आधी आली आणि नियम मागाहून.

याचं दुसरं टोक ब्रिटनमध्ये दिसतं. गेम्स वर्कशॉप या कंपनीचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ १९८७ साली निघाला. त्या सुरुवातीच्या दिवसांत कंपनीच्याच ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून रणगाडा कसा करावा याची कृती छापून आली होती. डिसेंबर २०२४ मध्ये हीच कंपनी लंडनच्या शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या यादीत गेली. आता तिच्या अधिकृत स्पर्धांत तिच्याच मूर्ती लागतात आणि एका लहानशा तुकडीच्या डब्याला आपल्याकडे काही हजार रुपये पडतात. डिओडरंटवाला रणगाडा घेऊन गेलात तर दारातून परत. कंपनीने धंदा केला, त्यात गैर काही नाही. पण खेळणाऱ्याच्या हातून काय गेलं हे या दोन टोकांमध्ये स्वच्छ दिसतं.

आता परभणीकडे येऊ. गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या काठचा, काळ्या मातीचा, कापूस-ज्वारी-सोयाबीनचा हा जिल्हा. इथे मूर्तींच्या खेळांचं दुकान नाही. माल मात्र भरपूर आहे.

चिंचोका घ्या. दगडावर एका अंगाने घासत बसलं की वरचं काळं साल जातं आणि आतला पांढरा भाग उघडा पडतो. घासताना तो इतका तापतो की शेजारच्याच्या दंडाला लावून पळायचा मोह कुणालाही आवरत नाही. असे चार चिंचोके झाले की कवड्यांची गरज संपली. पंचवीस घरांचा पट आखायचा आणि चल्लस आठ मांडायचा. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. कारखान्यात झालेला फासा सगळीकडे सारखा पडतो, चिंचोका तसा पडत नाही. कुणी किती घासला, कुठल्या अंगाने फुगीर ठेवला, त्यावर त्याचा कौल ठरतो. समजा एखादा चिंचोका शंभरात साठ वेळा पांढरा पडतो. मग तशा चारांपैकी चारही पांढरे पडण्याची शक्यता साधारण १३ टक्के, आणि चारही काळे पडण्याची जेमतेम अडीच टक्के. पाचपट फरक. म्हणजे ‘आठ’ इतका दुर्मीळ का, त्याला एवढा मान का, याचं उत्तर त्या चार बियांच्या पोटात आहे. ज्या पोराने ते घासले त्याला हे गणित मांडता येणार नाही. पण कुठले चार उचलायचे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि समोरचा ‘तुझे चिंचोके नकोत, माझे घे’ म्हणून भांडतो तेव्हा तो शक्यताशास्त्रावरच भांडत असतो.

ज्वारीचं धाटही असंच. रब्बीची काढणी झाली, कणसं खुडली, की कडब्याच्या पेंढीतून एक जाडसर धाट ओढायचं. वरची कडक साल नखाने उभी सोलून काढली की आत हलकं, पांढरं भेंड. भेंडाचे तुकडे पाडायचे आणि सालीच्या काड्या त्यात खुपसून जोडायचे. भेंड चिरत नाही, काडी घट्ट धरून ठेवतं. डिंक नको, खिळा नको, सुतळी नको. अशा रीतीने गाडी होते, चष्मा होतो, बंगला होतो, आणि ठरवलं तर गाड्यावरची तोफही होते. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने जोडून भूमिती शिकवली. त्यांच्या खेळण्यांची ख्याती देशभर झाली. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. काडी आणि नळी ही त्यांची जोडी, तर साल आणि भेंड ही आपल्या शेतातली. दोन्हींमधलं डोकं एकच आहे.

पण इथे मला त्यांच्यापासून थोडं बाजूला उभं राहावंसं वाटतं. त्यांचं खेळणं विज्ञानाचं एक तत्त्व दाखवतं आणि ते दाखवून झालं की त्याचं काम फत्ते होतं. शाळेला ते आवडतं, कारण त्यातून काहीतरी ‘शिकवलं’ जातं. सोंगटीकडून कुठलंच तत्त्व दाखवायची अपेक्षा नसते. तिला डावात टिकायचं असतं. आपल्या शाळांनी अरविंद गुप्तांना निदान प्रदर्शनापुरतं स्वीकारलं. चल्लस आठला मात्र अजून वेळापत्रकात जागा नाही. ज्या खेळातून काही सिद्ध होत नाही त्याला आपण वेळेचा अपव्यय म्हणतो.

सोंगाच्या खेळातला मेरुमणी म्हणजे पोळ्याचा मातीचा बैल. श्रावण अमावस्येला ज्याच्या दावणीला बैल नाही तोही मातीची जोडी आणून पुजतो. ट्रॅक्टर आल्यापासून अशी घरं वाढली आहेत. म्हणजे ही छोटी मूर्ती खेळण्यापुरती उरली नाही, खऱ्या बैलाच्या वाटचा नैवेद्यही तिलाच मिळतो. काळ्या मातीचा बैल करणं सोपं नाही. ही माती ओलीत फुगते, वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच बैलाच्या पायांत आणि मानेत पडतात. कुंभार मातीत राख आणि लीद मिसळतो ते त्यासाठी. पोरं राख नाहीतर बारीक भुसा घालतात, पाय जाड ठेवतात आणि बैल उन्हात न ठेवता ओसरीत सावलीला वाळवतात. पोळा पावसाळ्यात येतो हे त्यांच्या पथ्यावर पडतं. हवेतल्या ओलीने बैल सावकाश वाळतो आणि भेगा कमी पडतात. आधी वशिंड वर काढायचं, मग मान, मग गळ्याखालची पोळी. शिंगांना बाभळीचा काटा. बाभळीला काटे जोडीनेच येतात, दोन लांब पांढरे, बुडाशी एकत्र. फांदीच्या त्या तुकड्यासकट ते कापून ओल्या डोक्यात दाबले की शिंगं तयार, आणि तीही आपोआप जुळी. बेगड चॉकलेटच्या कागदाचा, झूल चिंधीची.

बाजारातला बैल बहुधा पांढरा असतो. साच्यातून निघालेला, लाल शिंगांचा, डोळ्यांत काजळ घातलेला. दिसायला देखणा असतो, मी तो नाकारत नाही. पण आपला भाग लाल कंधारीचा. नांदेड-परभणी-लातूरकडची ही जात गडद तांबडी असते. घरी बैल करणारं पोर विटेचा चुरा किंवा गेरू फासून तो तांबडा करतं, कारण शेजारच्या दावणीला त्याने तसाच पाहिलेला असतो. साच्याला हे ठाऊक नसतं. बैल पाहिलाच नसेल तर पोरालाही ठाऊक नसेल, आणि त्या घरात साचाच जिंकणार. म्हणून हा प्रश्न नुसत्या कलेचा नाही. आपल्या आसपासच्या गोष्टी किती बारकाईने पाहिल्या जातात, तोही त्यात आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो जोरदार आहे. गंगाखेड-पालमकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीनंतर कारखान्यांकडे निघतात. त्यांची मुलं कोपीशेजारी उसाच्या कांड्यांशी, फुटक्या बाटल्यांशी खेळतात. ती काही हौसेने ‘सापडलेल्या वस्तूंची कलाकृती’ करत नाहीत. त्यांच्याजवळ दुसरं काही नाही. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून डिओडरंटच्या डबीचा रणगाडा करणं आणि फडात उसाच्या कांडीचा ट्रॅक्टर करणं या दोन गोष्टी एकाच पारड्यात टाकणं हा अन्याय आहे. मला तो मान्य आहे. गरिबीचं कौतुक करणारे लेख मराठीत काही कमी नाहीत, त्यांत भर घालायची इच्छा नाही. त्या मुलाला शाळा हवी, चेंडू हवा आणि दुकानातला ट्रॅक्टरही हवा. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. दुकानातला ट्रॅक्टर मिळाला म्हणून कांडीच्या ट्रॅक्टरची लाज वाटू नये. आज ती वाटते. घरी केलेलं खेळणं मुलं पाहुण्यांपासून लपवतात, आणि ही लाज त्यांना आपण मोठ्यांनी शिकवली.

मुलींचा हिशेब आणखी वेगळा. चिंध्यांची बाहुली, सागरगोटे, भातुकलीतल्या करवंटीच्या कढया हे सगळं हाताला लागलेल्या वस्तूंतूनच उभं राहिलं. पण त्याला कुणी कारागिरी म्हटलं नाही आणि पाणी भरायची हाक आली की डाव अर्धवट टाकून उठायची पाळी मुलीवरच आली.

थ्रीडी प्रिंटरचा मुद्दा काही तरुण मित्र मांडतात. आता मूर्ती घरबसल्या छापता येते, मग घडवण्याची सत्ता परत आलीच की. आकृती स्वतः रचली असेल तर आली. दुसऱ्याची फाइल उतरवून छापली असेल तर दुकान फक्त घरात आलं.

हे सगळं हवेत राहू नये म्हणून एक खेळ सुचवतो. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवनला पेशवा माधवराव आणि निजाम अली यांच्या फौजा भिडल्या. गाव आज बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात आहे. तीच गोदावरी पुढे पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या अंगाने वाहते. निजाम नदी ओलांडून पलीकडे गेला होता. त्याची अर्धी फौज दिवाण विठ्ठल सुंदर याच्यासोबत अलीकडच्या, दक्षिणेच्या काठावर राहिली. भर पावसाळा, नदीला पाणी. मराठ्यांनी अडकलेल्या फौजेवर झडप घातली, विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडच्या मालकाला ते नुसतं पाहावं लागलं. टेबलावर मांडायला याहून चांगली लढाई कुठली?

नदीला जुन्या साडीची पट्टी. मराठा घोडदळाला चिंचोके, निजामाच्या शिपायांना सीताफळाच्या काळ्या बिया. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीवर राहिलेलं बोंडाचं वाळकं टरफल पालथं टेकवलं की तंबू होतो. तोफा संपलेल्या रिफिलीच्या, गाडे धाटाचे, तोफा ओढायला बाभूळकाट्यांचे बैल. नदी ओलांडायची असेल तर चार चिंचोके टाकायचे. चारही काळे पडले तर पूर, त्या पाळीला कुणीच हलायचं नाही. किती पांढरे पडले तर किती बिया पलीकडे न्यायच्या, हे मी ठरवून देत नाही. ते मुलांना भांडून ठरवू द्या. एखादं पोर म्हणेल, वर पैठणला जायकवाडीचं धरण असतं तर काय झालं असतं? त्याला इतिहास बिघडवतोस म्हणून गप्प करू नका. धरणाचा नियम लिहायला सांगा आणि पुन्हा डाव मांडा.

शिक्षकांना एवढीच विनंती. पुढची ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा भरवाल तेव्हा चमकीला आणि सफाईला गुण देऊ नका. परीक्षकाला मुलासमोर मांडी घालून बसवा आणि त्याच्या सोंगट्यांनी, त्याच्या नियमांनी एक डाव खेळायला लावा. जे खेळता येणार नाही ते बाद. परीक्षक हरला तर मुलाला पैकीच्या पैकी.